चारोळीची चार पावलं

भाद्रपदातली दुपार होती. पाऊस धड पडतही नव्हता, धड थांबतही नव्हता. चंद्रपूरच्या टोकाला जखमी जनावरांसाठी एक छोटा निवारा आहे. रंजीता तिथे औषधपाणी बघायची. फाटकाची कडी लावून ती दोन पावलं गेली आणि परत येऊन कडी नीट लागली आहे ना, ते पाहू लागली. सव्वीस वर्षांची पोर, पण काळजी साठ वर्षांच्या बाईची, असं तिची आई म्हणायची.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. वनरक्षकाची खाकी पँट, वर रेनकोट, आणि रेनकोटाच्या कॉलरमधून, त्या माणसाच्या हनुवटीखाली, एक ओलं नाक बाहेर आलेलं.

"डॉक्टर आहेत का मॅडम?"

"नाई ना भाऊ, मूल गावाले गेले. सांजेला येतीन. काय झालं?"

त्याने रेनकोटाची दोन बटणं सोडली. आत तपकिरी रंगाची, वर्षा-दीड वर्षाची कुत्री होती. तिच्या कमरेभोवती तार रुतली होती. रानडुकरासाठी कुणीतरी लावलेला क्लचवायरचा फास. मागचे दोन्ही पाय ओल्या फडक्यासारखे लोंबत होते.

"तार काऊन नाई काढली?" रंजीताने विचारलं.

"खुंटीपासून कापली. पन आंगात रुतून होती. रानात काढली असती अन् रक्त सुटलं असतं... तं मी काय केलं असतं?"

डॉक्टर फोनवरून सांगत गेले आणि रंजीता करत गेली. तो कुत्रीचं डोकं दोन्ही हातांत धरून बसला. पकड तारेला लावली तेव्हा रंजीताचा हात थरथरला. त्याने ते पाहिलं.

"हसू नका," ती मान न वळवता म्हणाली.

"हसून नाई राह्यलो. भेवनारा मानूस सांभाळून काम करते. ह्या कुत्रीले तुमच्यासारखाच हात पायजे."

तार निघाली. रंजीताने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. पावसाने कपाळावर चिकटलेले केस, आणि डोळे मात्र कुत्रीवरून हटत नव्हते.

नंतर रजिस्टर उघडून तिने विचारलं, "कुत्रीचं नाव?"

"कोनाचीच नाई ते. गुड्यातल्या घराघरात विचारलं मी." त्याने कुत्रीच्या पाठीवरचे बारीक ठिपके पाहिले. "चारोळी लिवा."

"आननाऱ्याचं नाव?"

"पवन कुळमेथे. कोठारीकडं असतो, वनरक्षक."

"बरं, पवनभाऊ..."

"भाऊ लिहनं जरुरी आहे का?"

"रजिस्टरात नाई लिहत. तोंडी म्हनते."

"मंग तोंडीबी राहू द्या," तो म्हणाला आणि हेल्मेट घालून निघून गेला. रंजीता बराच वेळ पेन हातात धरून बसली होती.

*

मणका तुटलेला नव्हता, चेंगरला होता. "पाय येतील किंवा येणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन महिने मला विचारू नका."

मग रोजचं सुरू झालं. दिवसातून तीन वेळा पोट हलकं दाबून चारोळीला लघवी करवायची. मागचे पाय हातात धरून सायकल चालवल्यासारखे फिरवायचे. जुन्या ओढणीची झोळी करून तिला उभं करायचं. तांदळाच्या कणकीचा भात आणि अंडं. रंजीता रात्री घरी गेली तरी मन निवाऱ्यात असायचं. कूस बदलली असेल का? जखम चिघळली तर?

आणि रविवार आला की मोटारसायकलचा आवाज यायचा. फाटकापाशी गाडी येण्याआधीच चारोळी कान टवकारायची. रंजीताचेही कान कुठे जागेवर असायचे!

कोजागिरीच्या सुमाराची गोष्ट. चारोळी टाके चाटत होती आणि रंजीता दटावत होती, "नाई, चारोळी. नाई म्हनलं ना." त्यावर चारोळी शेपटीचं टोक हलवत, पुढच्या दोन पायांवर घसटत तिच्याजवळ यायला लागली. पवन दाराशी उभा राहून हसत होता.

"काय झालं हसाले?"

"आमच्या गोंडीत कुत्र्याले नय म्हनते. तुमी नाई नाई करता, तिले वाटते बोलवून राह्यल्या."

"मंग नको म्हनाले काय म्हनू?"

"मले काय माहीत... मले आजवर कोनी नको म्हनलं नाई."

"तुमी कोनाले काही विचारलंच नसन."

पवन झोळीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधत म्हणाला, "हाव. ते बी आहे."

त्याचे कान लाल झाले होते. रंजीताने ते पाहिलं आणि तिला एकाच वेळी आनंद झाला आणि भीती वाटली. आनंद का झाला, ते तिला कळलं. भीतीचं कारण कळायला दिवाळी उलटून जावी लागली.

दिवाळीनंतर पवनने प्लॅस्टिकच्या पाइपाची आणि खेळण्याच्या चाकांची गाडी करून आणली. चारोळी ती गाडी मागे बांधून अंगणभर पळू लागली. जखम भरली, अंग भरलं. आणि डॉक्टर म्हणाले, "आता हिला घर बघा. इथल्या फरशीवर थंडीत हिला फोड येतील. शिवाय जागाही लागणार आहे."

घर मिळालं की चारोळी जाणार. चारोळी गेली की रविवार रिकामा. भीती ती होती.

*

पहिला फॉर्म पवननेच भरला. रंजीताने तो त्याच्यासमोर वाचला. *कुत्रं रात्री कुठे झोपेल?* माझ्या खोलीत. *परिसरात काही धोका?* बिबट. आठवड्यातून एक-दोनदा क्वार्टरच्या मागून जाते.

तिने कागद खाली ठेवला. "हे काऊन लिहिलं?"

"खरं आहे म्हनून."

"नसतं लिहिलं तं मी हो म्हनलं असतं."

"माहीत आहे मले."

रंजीताने त्याला तुऱ्याची गोष्ट सांगितली, जी तिने कुणाला सांगितली नव्हती. तुरा तीन पायांचा कुत्रा होता. गेल्या वर्षी मूलकडच्या एका फार्महाउसवर तिनेच त्याला दिला होता. माणसं भली, मोकळं आवार. बाराव्या दिवशी फोन आला. अंगणात फक्त गळ्यातला पट्टा उरला होता.

"तो पळू शकत नव्हता. अन् मी त्याले रानाच्या काठावर दिला," ती म्हणाली. "तुमी ड्युटीवर गेल्यावर दिवसभर हिले कोन पाहीन?"

पवन जमिनीकडे बघत होता. "मंग नाई म्हनता ना?"

"नाई."

कोपऱ्यातून चारोळी शेपटी हलवत घसटत आली. या वेळी दोघांपैकी कुणालाच हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. रंजीताने तीन वेळा फोन हातात घेतला, तीन वेळा खाली ठेवला. काय विचारणार? रागावले का? आणि तो हो म्हणाला तर? त्या दिवशी चारोळी फाटकाकडे तोंड करून बसून राहिली, कणकी तशीच टाकून.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र तो आला. "गस्त होती," एवढंच म्हणाला. ती "बरं" म्हणाली. दोघं चारोळीचे पाय फिरवत बसली, एक पाय तिच्या हातात, एक त्याच्या. बोलणं फक्त पायांबद्दल झालं.

डिसेंबरात गोंडपिपरीहून फॉर्म आला. नीलिमा नावाच्या शाळेतल्या मॅडम. नवरा नोकरीला पुण्यात, घरी त्या आणि सासूबाई इंदुताई. भर वस्तीत पक्कं घर, चारी बाजूंनी भिंत, लोखंडी फाटक. इंदुताई दिवसभर घरी. पवन स्वतः जाऊन घर पाहून आला.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "म्हातारीनं मले तीनदा विचारलं, कुत्रीले थंडी वाजते का म्हनून. द्या तिथी."

"तुमाले वाईट नाई वाटत?"

"वाटते ना." त्याने चारोळीचा कान हलकेच ओढला. "पन माह्या वाटन्यासाठी तिचं घर काऊन अडवू?"

संक्रांत झाल्यावर एका रविवारी चारोळी गेली. रंजीता स्वतः पोचवून आली. इंदुताईंनी कुत्रीला ओवाळलं, तेव्हा रंजीता पाठ फिरवून फाटकाची कडी तपासत राहिली. पवनला त्या दिवशी ड्युटी होती. परतीच्या बसमध्ये तिच्या लक्षात आलं की त्याला फोन करायला आता काही कारण उरलं नाही.

*

बुधवारी दुपारी एक वाजता नीलिमाचा फोन आला. ती रडत होती. "ताई, चारोळी घरात नाई."

दुपारी आराम पडावा म्हणून इंदुताईंनी चाकाची गाडी सोडून ठेवली होती. त्या भाजी आणायला आत वळल्या, तेवढ्यात फाटकाखालच्या पाणी जायच्या फटीतून चारोळी घसटत बाहेर गेली होती.

गोंडपिपरीची वस्ती संपली की कापसाची शेतं, शेतं संपली की नाला, नाल्यापलीकडे रान. तुऱ्याचा पट्टा रंजीताच्या डोळ्यांसमोर आला. तिने पवनला फोन लावला. कारण आहे की नाही, हा विचारही तिच्या मनात आला नाही.

"चारोळी हरवली. गोंडपिपरीत. अंधार व्हाच्या आधी..."

"मी निघालो. तू बस पकड. रंजीता, आयक, सहाला सूर्य बुडते. भरपूर वेळ आहे."

तू म्हणाला तो. ते तिला बस बल्लारपूर ओलांडून गेल्यावर ऐकू आलं.

सव्वातीनला ती गोंडपिपरीच्या स्टँडवर उतरली तेव्हा पवन उभाच होता. गुडघे मातीने भरलेले.

"सापडली नाई अजून," त्याने आधीच सांगून टाकलं. "पन माग लागला आहे. चल."

नीलिमाच्या घरामागून एक बैलगाडीची वाट शेतांकडे जात होती. मऊ पांढरी धूळ. पवन उकिडवा बसला आणि बोट दाखवलं. पुढच्या दोन पंज्यांचे ठसे, आणि मागे दोन लांब रेघा.

"घसटत गेली. म्हातारी म्हने, एक फटफटी गेली घरापुढून, तसे हिनं कान उचलले." तो जरा थांबला. "माह्या गाडीसारखाच आवाज असन."

रंजीता त्याच्याकडे पाहत राहिली. त्याचा चेहरा एवढा उतरलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"तुमची चूक नाई त्याच्यात," ती म्हणाली.

"हाव. पन आली तं ते माह्याच मागं ना."

दोघं वाटेच्या दोन बाजूंनी चालू लागली. कापूस वेचणाऱ्या बायांना विचारलं. कुत्री कुणी पाहिली नव्हती. एक बाई मात्र म्हणाली, "सांभाळून जा बाप्पा, नाल्याकडं परवा बिबट दिसला व्हता." रंजीता भरभर चालू लागली.

नाल्याच्या अलीकडे पवन एकदम थांबला. त्याने उजवा बूट उचलून दोन हात पुढे ठेवला.

"पाय काढा," रंजीता म्हणाली.

"काही नाई इथी."

"पवन, पाय काढ."

त्याने बूट बाजूला घेतला. मोठा, गोल, नखं नसलेला ठसा. रंजीता तिथेच बसली. पवन तिच्याशेजारी बसला.

"तूच मले सांगितलं, खरं लिहिलं म्हनून," ती म्हणाली. "आता लपवून काऊन राह्यला?"

"तुले पाहवलं नाई म्हनून. आता खरं सांगतो, पाह." त्याने काडीने ठशाची कड दाखवली. "कडा ढासळल्या. आंदर मुंग्याची माती आहे. कालचा आहे हा, नाई तं परवाचा. चारोळीचा माग त्याच्यावरून गेला. ते नंतर आली."

तिने डोळे पुसले आणि पाहिलं. खरंच, त्या मोठ्या ठशाच्या कडेवर चारोळीचा छोटा पंजा उमटला होता. पण मागच्या दोन रेघा...

"रेघा कुठी गेल्या?" तिने विचारलं. "उचलून नेलं का कोनी तिले?"

पवन गुडघ्यांवर पुढे सरकला, धुळीत गाल टेकेल इतका वाकला. मग परत मागे आला आणि रंजीताचा हात धरून तिचं बोट एका छोट्या, पुसट खळग्यावर ठेवलं.

"हा कोनाचा पाय आहे सांग."

"तिचाच. पुढचा."

"पुढचा पंजा मोठा असते. हा लहान आहे. अन् नखं घासली, जुन्या घसटन्यानं." त्याने तिचं बोट पुढे सरकवलं. "मागचा आहे. अन् हा दुसरा. अन् हा पुन्हा."

रंजीता मोजत गेली. चार पावलं. मग धुळीत एक पसरट डाग, तिथे ती पडली होती. दोन हात रेघा. आणि परत पावलं, सहा, वाकडीतिकडी, पण पावलं. पाच महिने दोघांनी ते पाय हातात धरून फिरवले होते. आणि ते पाय चालले तेव्हा पाहायला कुणीच नव्हतं.

"चालली ते," ती कुजबुजली.

"चालली." त्याने तिचा हात अजून सोडला नव्हता. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि तरी दोघं उठली ती तशीच, हात न सोडता. सूर्य कापसाच्या शेंड्यांवर आला होता.

माग नाल्यात उतरला नाही. नाल्याच्या काठाने वळून एका शेतात शिरला. तिथे बोरीच्या झाडाखाली वेचलेल्या कापसाचा ढीग होता आणि ढिगाशेजारी पत्रू नावाचा म्हातारा विडी ओढत बसला होता.

"कुत्री पाह्यली का बाबा?" पवनने विचारलं.

पत्रूने विडीनेच ढिगाकडे दाखवलं. "मगाची आली. लथडत लथडत. भाकर टाकली, खाल्ली अन् चढली वरतं. हाकलली तं उतरते कुठी? माह्या कापसाले सारे केसं लावले."

कापसाच्या पांढऱ्या ढिगात तपकिरी वेटोळं झोपलं होतं. पवनने शीळ घातली. चारोळीने मान वर केली, ढिगावरून घसरत खाली आली, आणि पुढचे पाय ताठ केले. मागचे पाय लटपटले, फाकले, पुन्हा जुळले. ती उभी राहिली. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला कंबर डावीकडे झुकली. चौथ्याला ती रंजीताच्या मांडीत येऊन कोसळली.

रंजीता तिच्या मानेत तोंड खुपसून रडली. पत्रू बिचारा घाबरला. "मी मारलं नाई वो बाई तिले," तो म्हणाला.

*

दोघं परत आली तेव्हा इंदुताई फाटकात जमिनीवर बसल्या होत्या. सकाळच्या चहावर होत्या त्या. चारोळीला पाहून त्यांनी पदर पसरला. चारोळी पवनच्या हातांतून धडपडत त्या पदरात गेली आणि त्यांच्या हनुवटीवरचे अश्रू चाटू लागली.

नीलिमाने फाटकाखालची फट विटा लावून बुजवली होती. सिमेंट अजून ओलं होतं. "ताई, तुम्ही म्हणाल तसं," ती खालच्या मानेने म्हणाली.

"तुमाले भरोसा नसन तं घेऊन जा बाई," इंदुताई म्हणाल्या. "तुमचं खरं आहे. मीच चुकली."

रंजीताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. कुत्री उचलावी, निवाऱ्यात न्यावी, दाराला कडी लावावी, तीनदा पाहावी. तिथे ती सुरक्षित राहिली असती. आणि कुणाची झाली नसती. पवन बाजूला उभा होता. त्याने काहीही सुचवलं नाही, आणि त्याबद्दल तिला तो फार आवडला.

"राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "आजपासून चाकाची गाडी नका बांधू. पडू द्या तिले. पडते, पन उठते."

*

पावणेसातची बस होती. स्टँडवर चहाचे दोन ग्लास घेऊन पवन तिच्यासमोर उभा राहिला.

"गाडीवर सोडतो ना चंद्रपूरले."

"काऊन उलटा हेलपाटा? सकाळी ड्युटी आहे तुमची."

"पुन्हा 'तुमची' झाली का?"

ती चहाच्या ग्लासात पाहत राहिली. "तुझी," म्हणाली. इतक्या हळू, की त्याने ऐकलं की नाही कळलं नाही.

"मले एक गोष्ट विचाराची आहे," तो म्हणाला. "पन एकदा तू नाई म्हनली, तेव्हापासून विचाराचं भेव लागते."

"ते चारोळीसाठी म्हनलं होतं."

"अन् हे..."

बस फलाटाला लागली. लोक चढू लागले, कुणाचं पोतं मध्ये आलं, आणि रंजीता आत ढकलली गेली. खिडकीशी येईपर्यंत बस हलली होती. तो ग्लास हातात घेऊन तसाच उभा.

अंधार पडला. दोन्ही बाजूंनी सागाचं रान सुरू झालं. रंजीता शेवटच्या बाकावर बसली आणि स्वतःवर चिडली. एक वाक्य बोलायला एवढा वेळ? तिने मागच्या काचेतून पाहिलं. बसच्या मागे एकच दिवा येत होता.

तिला हसू आलं. कोठारीपर्यंत तर त्याची वाटच होती. कोठारी आली, दोन माणसं उतरली, बस निघाली. आता दिवा वळेल, तिने स्वतःला समजावलं. दिवा वळला नाही. बसच्या मागे तेवढंच अंतर राखून तो येत राहिला. रानातला रस्ता, थंडी, एकटा परत जाणार... तिची काळजी पुन्हा जागी झाली. फक्त आता ती एका नव्या माणसाची होती.

बल्लारपूरला बस थांबली तशी रंजीता खाली उतरली. पवनने गाडी कडेला घेतली आणि हेल्मेट काढलं. थंडीने त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तिकीट चंद्रपूरचं होतं ना तुझं?" त्याने विचारलं.

"हाव. पन तुझं विचारनं राह्यलं होतं."

तो हेल्मेट हातात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "मले तू आवडते. रजिस्टर उघडून नाव विचारत होती ना, तेव्हापासून. चारोळी नसती तरी रविवारी मी कोनतं तरी जनावर शोधून आनलं असतं."

"असे बिनकामाचे जनावरं धरू नको," रंजीता म्हणाली. "तसाच ये. एकटा. मी वाट पाहते."

बस हॉर्न देऊन निघून गेली. ती त्याच्या मागे बसली. आधी तिने गाडीची कडी धरली. मग, गाडी चौकातून वळताना, त्याचा खांदा.

"पोचल्यावर फोन करजो," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"अजून तुलेच पोचवाचं आहे."

"तरी. आताच सांगून ठेवते."